यंदा हँडल कोण मारणार

५ फेब्रुवारी

आत्या,

कोपरापासून नमस्कार.

माझं पत्र आलं म्हणजे मी पुन्हा काहीतरी सोडलं, असं तू गृहीत धरशील. उलट झालंय. मला काहीतरी लागलंय. नोकरी.

झालं असं, की चपलेचा अंगठा तुटला म्हणून मी एका चांभारापुढे उभा होतो. त्याच्या डोक्यावर भिंतीला कागद डकवलेला: ‘शेतकऱ्यांशी बोलता येणारा माणूस पाहिजे.’ चप्पल शिवून होईपर्यंत वेळ होता, म्हणून जिना चढून वर गेलो. साहेबांनी विचारलं, अनुभव काय? म्हटलं, माझी सख्खी आत्या शेती करते, मी तिच्याशी लहानपणापासून बोलत आलोय आणि अजून जिवंत आहे. लगेच घेतलं.

ही एक संस्था आहे. गाद्यांच्या दुकानावर दोन खोल्या. संस्थेचं नाव इतकं लांब, की पाटी रंगवणाऱ्याला भिंत पुरली नाही आणि शेवटचा शब्द कोपरा वळून जिन्यात गेलाय. साहेबांच्या टेबलावर एक रोप आहे. प्लॅस्टिकचं. त्यावर धूळ आहे, ती मात्र अस्सल. संस्थेचा विषय ‘शाश्वत शेती’. हा शब्द साहेब डोळे मिटून उच्चारतात. म्हणजे काय, तर नांगरू नका, कापणीनंतर उरलेली धाटं जाळू नका, ती रानातच पसरा, फवारणी कमी करा, एका पिकावर दुसरं पीक फिरवून घ्या, की माती जागेवर राहते. आणि माझं काम काय, तर घरोघर जाऊन विचारायचं: बाबांनो, तुम्ही हे करता तर का करता, आणि करत नसाल तर का नाही?

उत्तरासाठी चार चौकटी दिल्यात. माहिती, प्रशिक्षण, अनुदान, जागृती. माणूस काहीही बोलला तरी ते या चारांत बसलं पाहिजे. रात्री मी झोपताना स्वतःला यातल्या कुठल्या चौकटीत घालावं ते बघत होतो. बसलो नाही.

सोबत पत्रक पाठवतोय, ‘नांगराला निरोप’. त्यावरचा इस्त्रीच्या शर्टातला माणूस बघ. मातीकडे बघून इतकं हसणारा माणूस मी आपल्या खानदानात पाहिलेला नाही. सुरुवात तुझ्यापासूनच करतो. तू का नांगरतेस? चौकट निवड.

तुझा,
भिंगरी

(तूच ठेवलेलं नाव. आता साहेबही त्याच नावाने हाक मारतात. मला वाटतं त्यांना ते आडनाव वाटतं.)

―

१४ फेब्रुवारी

भिंगरीस,

आशीर्वाद. पत्रक पोचलं. कागद चांगला जाड आहे. कपाटाचा एक पाय आखूड होता, त्याखाली चार घड्या करून घातलं. आता दार उघडलं तरी कपाट हलत नाही. तुझ्या साहेबांना सांग, संस्थेच्या कार्याचा एका घराला तरी आधार झाला.

मी का नांगरते, ते विचारलंस. मी नाही नांगरलं तर भावोजी नांगरतील, म्हणून. याला चौकट असेल तर बघ.

तू तेव्हा कुठेतरी जहाजं बघत हिंडत होतास, म्हणून तुला नीट माहीत नाही. तुझे आतोबा गेले त्याच्या पुढच्या महिन्यात भावोजींनी सगळ्या गल्लीसमोर अंगणात बसून सांगितलं, “वहिनी, नांगरणीचं मशीन दोन्ही घरांचं आहे. दादा होता तोवर ठीक होतं. आता ज्याला हँडल मारून ते चालू करता येईल, त्याने आपलं रान आपण करावं. ज्या वर्षी तुम्हाला जमणार नाही, त्या वर्षापासून दोन्ही रानं मी बघतो. तुम्ही सावलीत बसा.” लोकांनी माना डोलावल्या. काय काळजी करणारा दीर आहे.

सावलीत बसा म्हणजे काय, ते मला कळतं. काय पेरायचं, ते मला विचारायचं नाही. कधी काढायचं, ते विचारायचं नाही. भाजीत मीठ किती, तेवढं विचारायचं. मी पदर खोचला, शेडमध्ये गेले आणि हँडल मारलं. तिसऱ्या झटक्याला धूर आला. तेव्हापासून दर वर्षी मारते. मशीन बाहेर निघायच्या दिवशी गल्लीतले लोक पायऱ्यांवर येऊन बसतात, कुणी कुणी खुर्च्याही आणतात. समोरचा शिंपी तर शिवणकाम बंद ठेवून येतो. सगळ्यांच्या मनात एकच, यंदा हँडल कोण मारणार.

आणि तुझी ती धाटं. रानात धाटं आणि धसकटं उभी दिसली, की इथे लोक एवढंच म्हणतात: त्या घरात कुणीतरी अंथरुणाला खिळलंय. मला ते ऐकायचं नाही. रान कसं, भांडं घासल्यासारखं दिसलं पाहिजे. माती उतारावरून वाहून जाते, हे खरं. माझ्या रानाची माती दर पावसात खाली शिंप्याच्या रानात जाऊन बसते. तो कधी तक्रार करत नाही. भला माणूस आहे.

वेळेवर जेव. चपलेचा दुसरा अंगठाही बघून घे, एक गेला की दुसरा फार दिवस राहत नाही.

आत्या

―

२७ फेब्रुवारी

आत्या,

दुसराही गेला. तुझी जीभ काळी आहे.

सध्या मी सायकलच्या दुकानावरच्या खोलीत राहतो. खाली दिवसभर कुणीतरी घंटी वाजवून बघत असतो, त्यामुळे मला सारखं वाटतं, कुणीतरी येतंय. येत कुणी नाही. पण सांगायचं ते वेगळंच.

पन्नासेक घरं तरी झाली असतील. पहिलं उत्तर सगळीकडे एकच. “मातीच्या आरोग्यासाठी, पुढच्या पिढीसाठी.” हे बोलताना माणूस माझ्याकडे बघत नाही, माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे बघतो. मग चहा येतो. मी फॉर्म पिशवीत घालतो. मग खरं सुरू होतं.

एक बाई आहे, तिने फवारणी बंद केली. का? तर फवारणीचा पंप नणंदेच्या नवऱ्याने नेला आणि आणून दिला नाही. ही म्हणते, “रानात कमरेएवढं गवत माजलं तरी चालेल, पण मी मागायला जाणार नाही.” आता गवतात किडे खाणारे किडे आले, पीक बरं आलं आणि लोक तिला विचारायला येतात. तिने पंपाचं अजून कुणाला सांगितलेलं नाही. मला का सांगितलं? मी परका आणि तिचं मांजर माझ्या मांडीवर बसलं होतं.

दुसरा एक गृहस्थ धाटं रानातच ठेवतो. शेजारी त्याच्या रानातून आडवी वाट काढायचा. तो शेजारी सापाला भितो. धाटं पसरली, वाट बंद. माती सुधारली ते नंतर, त्याला न विचारता.

तिसरा वरातीत क्लॅरिनेट वाजवायचा. त्याच्याकडे मी तीन दिवस राहिलो. शेतीचं विचारायचं राहूनच गेलं, पण एक धून बसवली, जवळजवळ.

हे सगळं साहेबांना सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि तिन्ही फॉर्मवर स्वतःच्या हाताने खूण केली: जागृती. क्लॅरिनेटवाल्याच्या फॉर्मवरसुद्धा.

एक म्हातारी मात्र सरळ बोलली. म्हणाली, “शेजारणीने केलं. वर्षभर बघितलं. ती मेली नाही. मग मी केलं.” याला चौकट नाही.

मशीन कधी बाहेर काढणार? शिंप्याला माझ्यासाठी एक खुर्ची धरायला सांग.

भिंगरी

―

१६ मार्च

भिंगरीस,

आशीर्वाद. अक्षराकडे बघू नकोस. पेन वाकडं झालंय.

मधे आठवडाभर इथे नव्हते. तुझ्या धाकट्या आत्याकडे गेले होते. तिने फार आग्रह केला.

कपाटाखालचं पत्रक काढून पुन्हा वाचलं. कपाट परत हलतंय. काही विचारायचंय. न नांगरता घेवड्याचं बी टोकायचं तर किती खोल? चित्रातला तो हसरा माणूस एका हाताने काठी रोवतोय, दुसरा हात कमरेवर आहे. खरंच एका हाताने होतं, की फोटोपुरतं? धाटं पायाने आडवी पाडली तर चालतात का? की हाताने उपटावी लागतात?

भावोजींना सांगून टाकलं, यंदा माझ्या रानाला मशीन लागणार नाही. भाचा मोठ्या संस्थेत अधिकारी आहे, त्याची सक्त मनाई आहे. गल्लीत बरेच जण पायरीवर होते, सगळ्यांनी ऐकलं. भावोजींनी नुसतं शेडकडे बघितलं.

तेव्हा आता तू अधिकारी आहेस. केस कापून घे. उलट टपाली कळव.

आत्या

―

२४ मार्च

अहो शाश्वत शेतकरी बाई,

मी अधिकारी आहे, हे मला तुझ्या पत्रातून कळलं. साहेबांना अजून कळवलेलं नाही, त्यांना धक्का बसेल.

आणि तू धाकट्या आत्याकडे आठवडाभर राहिलीस? शिलाई मशीनच्या वाटणीपासून तुम्ही दोघी एकमेकींच्या सावलीला उभ्या राहत नव्हता. हे झालं म्हणजे जगात काहीही होऊ शकतं, अगदी तू माझं ऐकण्यापर्यंत. आत्या, खरं सांगतो, पत्र दोनदा वाचलं. अक्षर कोंबडीने शाईत पाय बुडवून काढल्यासारखं आहे, पण मजकूर सोन्याचा आहे. मी आजवर कुणाला साधं रस्ता ओलांडायलाही पटवलेलं नाही आणि तू नांगर सोडलास.

तुझ्या प्रश्नांसाठी आधी पत्रकातल्या हसऱ्या माणसाला शोधलं. तो घड्याळं विकतो. फोटोग्राफरचा मेहुणा आहे. त्याला काठी कशाची होती तेही आठवेना. मग पंपवाल्या बाईकडे गेलो. ती म्हणते: बोटाची दोन पेरं खोल. काठी एका हाताने रोवायची, बी त्याच हाताने सोडायचं, टाचेने दाबायचं. कमरेवरच्या हाताचं काही काम नाही, तो नसला तरी चालतो. धाटं पायाने पाड, जमिनीला लागली म्हणजे झालं. पाऊस पडला की त्यांतूनच घेवडा वर येतो.

साहेबांना सांगितल्यावर ते खुर्चीतून उठले. त्यांना उठलेलं मी पहिल्यांदा बघितलं. तुझ्या नावाचा स्वतःच फॉर्म भरला आणि खूण केली: प्रशिक्षण. प्रशिक्षण कुणी दिलं? मी. मला कुणी दिलं? हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. जुलैत ते कॅमेरा घेऊन तुझं रान बघायला येणार आहेत. मीही येणार, अधिकारी म्हणून.

पेन बदल.

भिंगरी

―

८ जून

भिंगरीस,

आशीर्वाद. पेन तेच आहे, मलाच त्याची सवय झाली.

तुझ्या नावाने गल्लीत काय काय ऐकून घेतलं ते आधी वाच. “वहिनींच्या रानात उंदीर लग्न लावतील.” “शहाणा भाचा असण्यापेक्षा नसलेला बरा.” एकीने तर घरी येऊन विचारलं, “काही दुखतंय का हो? एवढ्या उकाड्यात शाल कशाला?” म्हटलं, संस्थेत नाव लागलंय, आता जरा नीट राहावं लागतं. तेव्हापासून लोक मला थोडे दबकून आहेत. शाल पांघरली की माणूस पुढारी दिसतो, हे मला आधी कळायला हवं होतं.

मग पाऊस आला. दुसरा की तिसरा, चांगला दणकून. दुसऱ्या दिवशी सकाळी शिंपी दारात उभा. मला वाटलं, चेष्टा करायला आलाय. तर चेहरा पडलेला.

“वहिनी, यंदा माती आली नाही.”

“कुठली माती?”

“तुमची. दर वर्षी येते. मी खालच्या वाफ्यात जागा करून ठेवली होती.”

“मग आता काय करू? डोक्यावर घेऊन आणून देऊ?”

“तसं नाही,” तो म्हणाला, “पण सांगायचं तरी आधी.”

मी गेले रानात. धाटांखाली हात घातला. ओलं, गार, आणि माती जिथल्या तिथे. शेजारीच भावोजींच्या रानात, जिथे धाटं नुसती उभी आहेत, मात्र ओघळ पडलेत, मनगट जाईल एवढे.

त्याच्यानंतर सगळे येऊ लागले, पण समोरच्या दाराने कुणी नाही. मागल्या दाराने. कुणाला चाळण पाहिजे, कुणाला सुई. जाता जाता, उंबऱ्यात, पाठमोरं होऊन विचारतात, “ते किती खोल म्हणालात?” आज तिघींना चाळण दिली. एक सोडून दोघी चाळण इथेच विसरून गेल्या.

भावोजींनी अजून नांगरलं नाही. विचारलं की म्हणतात, जमीन अजून कामाजोगी नाही, वाफसा नाही. मशीन शेडमध्येच आहे. मला भीती वाटते, ते माझं पीक फसायची वाट बघतायत. घेवडा नाही आला तर सगळ्या गल्लीसमोर सावलीत बसावं लागेल आणि मग शाल उपयोगाची नाही.

साहेबांना आणू नकोस. मला फोटो काढून घ्यायची हौस नाही. हे मी गंमत म्हणून लिहीत नाहीये.

आत्या

―

२ जुलै

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. मी तुझ्या आत्याचा दीर. तू मला काका म्हणायचास. तुझं खरं नाव वहिनींना विचारलं असतं तर त्यांनी का म्हणून विचारलं असतं, म्हणून पाकिटावर भिंगरी लिहिलंय. पोचलं तर पोस्टमनला शाबासकी दे.

मला पत्रं लिहिता येत नाहीत. सरळ लिहितो.

मार्चमध्ये एका दुपारी मी शेडमध्ये गेलो. हँडल कोपऱ्यात उडून पडलं होतं. डिझेलचा कॉक उघडा. आणि वहिनींची एक चप्पल. आमचं मशीन उलटा झटका मारतं. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, त्याला विळखा घालायचा नाही, घातला की मनगट गेलं. दादाने दोघांनाही शिकवलं होतं. पण गल्ली बघत असते तेव्हा माणूस घट्ट धरतो, आणि मग तीच सवय लागते. मागच्या वर्षी मशीन चालू करायला त्यांना बरेच झटके मारावे लागले होते. लोक नसताना सराव करायला गेल्या असतील.

चप्पल मी त्यांच्या पायरीवर नेऊन ठेवली. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्या बहिणीकडे जाते म्हणून गेल्या आणि हात शालीत घालून परत आल्या. प्लास्टर आता निघालंय, पण मनगट वाकडं बसलंय. त्या हँडल पुन्हा मारू शकणार नाहीत.

तुला वाटेल, काका चांगला माणूस आहे, गप्प बसला. तसं काही नाही. माझा डावा गुडघा गेलाय. माझंच रान दोन वर्षं कसं नांगरतो ते मला माहीत. मी तेव्हा अंगणात बसून काय बोललो ते सगळ्या गल्लीला पाठ आहे. वहिनींनी हात टेकले की दोन्ही रानं माझ्या गळ्यात, आणि त्यांचं उतारावर. त्या दर वर्षी हँडल मारायच्या तेव्हा खुर्च्या टाकून बसलेल्यांत सगळ्यांत जास्त जीव माझा टांगलेला असायचा. धूर निघाला की मी घरी जाऊन पाणी प्यायचो.

मग मार्चमध्ये त्यांनी सांगितलं, मशीन नको, शास्त्र आहे. मला काय वाटलं ते लिहीत नाही.

दोन कामं आहेत. एक, तुझा साहेब येईल तेव्हा त्याला मशीनपासून लांब ठेव. दुसरं, टोकायला उशीर झाला का, आणि किती खोल. वाफसा नाही असं सांगत बसलो, तो येऊनही गेला. वहिनींना मी विचारणार नाही. शिंप्यालाही नाही.

पत्र फाडून टाक.

काका

―

२५ जुलै

आत्या,

मला जे बोलायचं ते बोल. मी खाली मान घालून वाचेन.

साहेबांबरोबर यायचं म्हणून मी बसमध्ये बसलो होतो. केस कापलेले, शर्ट इस्त्रीचा. निम्म्या वाटेवर बस थांबली, तर खिडकीतून दिसलं, एक माणूस, पत्रकातला नव्हे, दुसराच, पत्र्याच्या छपराखाली मोडकी घड्याळं घेऊन बसलाय आणि सगळी एकदम टिकटिकतायत. म्हटलं, दोन मिनिटं. त्या घड्याळांत प्रत्येकात वेगळी वेळ होती, त्यामुळे दोन मिनिटं झाली कधी ते कळलं नाही. बस गेली. साहेब खिडकीतून हात हलवत होते. मला वाटलं, टाटा करतायत.

निघायच्या आधी मी त्यांना बजावलं होतं, मशीन चालू करायला लावू नका. ते म्हणाले, “आधी आणि नंतर, दोन्ही दाखवल्याशिवाय अहवाल होत नाही.” आता ते परत आलेत. खूश आहेत आणि नाराजही आहेत. एवढंच म्हणतात, “मशीनचा नीट फोटो मिळाला नाही.” मी विचारलं, का? तर डोळे मिटले.

काय झालं ते सांग. घेवडा आला का? काकांना माझा नमस्कार सांग. त्यांना विचार, दोन पेरं पुरली का. त्यांना कळेल. न कळलं तर सोडून दे.

पेनचं कसं आहे? जास्त जोर देऊ नकोस त्याच्यावर.

भिंगरी

―

१० ऑगस्ट

भिंगरीस,

आशीर्वाद. घड्याळं बघायला उतरलास हे वाचून बरं वाटलं. मला वाटलं होतं, काहीतरी फालतू कारण असेल.

तुझे साहेब आले. बूट पांढरे. रानात शिरले ते धाटांवरून एकेक पाऊल उचलत, बगळ्यासारखे. घेवडा बघून म्हणाले, अप्रतिम. तो घेवडा होता हे त्यांना शिंप्याने सांगितलं. मला विचारलं, “हा बदल तुम्ही कशामुळे केलात?” मी काही बोलायच्या आत स्वतःच लिहून मोकळे झाले.

मग म्हणाले, “आता जुनी पद्धत. मशीनपाशी उभ्या राहा, हँडल मारा, धूर निघू दे, मी फोटो घेतो.”

गल्ली तयारच होती. खुर्च्या आल्या. यंदा मार्चमध्ये करमणूक बुडाली होती, ती भरून निघणार म्हणून पोरासोरांसकट सगळे. मी शाल सारखी केली आणि चालायला लागले. अंगणातून शेडपर्यंत अंतर किती आहे, ते त्या दिवशी कळलं. मनात ठरवलं, आता बोलायचं. हात दाखवायचा आणि सांगायचं, बघा, झालं, मिळाली सावली.

शेडच्या दारात भावोजी उभे होते.

“हँडल नाही,” ते म्हणाले.

साहेब म्हणाले, “नाही म्हणजे?”

“हरवलं.”

“एवढं मोठं हँडल? हरवलं?”

“तुमचं शास्त्र आलं, आमचं हँडल गेलं. वापरात नसल्या की वस्तू जातात.”

शिंपी पुढे झाला, “माझ्याकडे एक लोखंडी दांडा आहे, बसेल बहुतेक.” भावोजींनी त्याच्याकडे असं बघितलं, की तो खुर्चीसकट मागे गेला. साहेबांनी मग मशीनचा तसाच फोटो काढला. त्यावर कोंबडी बसलेली होती, ती उठली नाही. जाता जाता त्यांनी भावोजींच्या रानाकडे बघितलं, तिथेही धाटं पसरलेली आणि उशिराचे कोंब वर आलेले. विचारलं, “तुम्ही कशामुळे केलंत?” भावोजी म्हणाले, “वाफसा नव्हता.” साहेबांनी लिहिलं, जागृती.

हँडल कसं हरवलं, ते मला कळेना. या घरात आजवर सुईसुद्धा हरवलेली नाही. भावोजी वस्तू ठेवून विसरणारे नव्हेत. वाटलं, ओढ्यात टाकलं असेल. मग वाटलं, टाकायचं काय कारण. माझी जिरवायला उलट ते हातात घेऊन उभे राहिले असते.

परवा घेवड्यातलं गवत काढत होते. वरच्या कोपऱ्यात, बांधापाशी, जिथे धाटांचा थर सगळ्यांत जाड आहे, तिथे काठी खण्णकन वाजली. धाटं बाजूला केली. पोत्याचा तुकडा, सुतळीने बांधलेला. आत हँडल. गंज चढू नये म्हणून वरून खालपर्यंत ग्रीस लावलेलं.

मी तिथेच बसले. सगळ्या गल्लीत नांगर जाणार नाही अशी एकच जागा त्या माणसाला सुचली, ती माझ्या रानात. मग ती चप्पल आठवली. शेडमध्ये राहिलेली माझी चप्पल मार्चमध्ये पायरीवर आपोआप चालत आली होती. मी तेव्हा मुद्दाम विचार केला नव्हता. आणि तू म्हणतोस, काकांना विचार, दोन पेरं पुरली का. तुम्ही दोघे मला काय समजता ते कळलं. मला राग आलाय. तो कुणावर काढायचा, ते ठरलं की कळवते.

सुतळी पुन्हा बांधली. हँडल होतं तसं ठेवलं आणि वर आणखी धाटं पसरली.

काल संध्याकाळी भावोजी बांधावर उभे होते, गुडघा चोळत. विचारलं, “वहिनी, पुढच्या वर्षी काय पेरायचं?”

आजवर त्यांनी मला हे विचारलेलं नाही. मी म्हटलं, “मका. आणि मशीनचं, हँडल सापडलं तर बघू.”

“सापडणार नाही,” ते म्हणाले.

“मीही शोधणार नाही,” मी म्हटलं.

मग ते त्यांच्या रानात गेले, मी माझ्या.

शेंगा तोडायला आल्यात. ये. एक हात कमी पडतोय. कुणाचा, ते विचारायचं नाही, तुला माहीत आहे. वाटेत घड्याळं दिसली तर डोळे मीट, साहेबांकडून शिकून घे.

आत्या

ता.क. पत्रक गल्लीत मागल्या दारांनी फिरतंय, परत येईल असं वाटत नाही. कपाट हलतंय. तुमच्या संस्थेत याहून जाड काही छापतात का?